दैत्याचा पत्ता

मंडळी, ऐका. आख्यान लावण्याआधी एक पत्ता विचारायचाय. पोथीतला दैत्य राहतो कुठं?

बघा, मी विचारलं मात्र, तिसऱ्या रांगेतल्या वहिनींची नजर उजवीकडं गेली. उजवीकडं त्यांच्या जाऊबाई बसल्यात. मी नाव घेत नाही. पण तुम्ही सगळेच मनातल्या मनात कुठंतरी जाऊन आलात – कुणी भावकीच्या बांधावर, कुणी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूकडं. स्वतःच्या घरी कुणी गेलं असेल तर हात वर करा. नाही? बरं. पेटीवाल्या काकांनी केला होता, पण ते डास मारत होते.

देवाचा पत्ता विचारला की आपण गडबडतो. कुणी म्हणतं देवळात, कुणी म्हणतं चराचरात. दैत्याचा पत्ता मात्र आपल्याला तोंडपाठ. गल्ली कुठली, दार कुठल्या तोंडाचं, दारात चपला किती! हे असं का, एवढंच विचारायला आज पिंपळदऱ्याला जायचंय. तबलजी, जरा सावकाश. गाव चढावर आहे.

पिंपळदरा म्हणजे थोडी घरं, भैरोबाचं देऊळ आणि देवळापुढून जाणारा ओढा. श्रावणात देवळात पोथी लागायची. पोथी गावचीच, भैरोबाची. कुणी रचली माहीत नाही, पण गोष्ट साधी. कोंडासुर नावाचा दैत्य एके दिवशी ओढ्यात आडवा बसला. पाणी अडलं. गाव तहानलं. भैरोबा आला, दैत्याला मारलं, मुंडकं उडून एका धोंड्याजवळ पडलं, पाणी सुटलं. झालं. एवढ्याला बारा अध्याय लागायचे, कारण मध्ये देवाचं वर्णन होतं, देवाच्या घोड्याचं वर्णन होतं, आणि घोडा बघून लोकांना काय वाटलं त्याचंही वर्णन होतं.

वाचायला केरबाबुवा. त्यांच्या वडिलांनी हीच पोथी वाचली, आजानंही हीच वाचली. आवाज असा, की ओढ्यापलीकडच्या म्हशी रवंथ थांबवून ऐकायच्या. ओवी म्हणायची, मग अर्थ सांगायचा. आणि बुवांचा अर्थ म्हणजे काय? रस्ता. देव आला कुठून? त्या खिंडीतून. घोडा बांधला कशाला? शाळेमागच्या चिंचेला. ती चिंच पाटलाच्या आजानं लावली हे गावाला ठाऊक होतं; पण घोडा तिलाच बांधला होता, त्याला कोण काय करणार. देव पाणी प्याला तो हा डोह, देवाला ठेच लागली तो तो दगड. बुवांची पोथी ऐकून उठलेला माणूस देवापाशी पोचेल न पोचेल, गावात कुठं चुकायचा नाही.

आता पोथी खोटी का? नाही हो. पण भूगोल शाळेतही शिकवतात. पोथी ऐकायची ती डोळे मिटून. ओढा म्हटलं की आपल्या आतलं काय वाहतंय ते बघायचं. घोडा म्हटलं की आपलं काय उधळतंय ते बघायचं. पोथी लिहिणारा काही गावचा नकाशा काढायला बसला नव्हता. बुवांना सगळ्या ओव्या पाठ होत्या, तरी ते डोळे मिटत नसत. पोथीवरून निघालेली त्यांची नजर थेट देवळाच्या दारातून बाहेर जायची. मध्ये कुठं थांबा नाही.

अकरावा अध्याय दैत्यवधाचा. त्या दिवशी गावात एक रीत होती. ऐका. देव लोकांना दैत्य दाखवतो, अशी तिथं ओवी आहे:

देव म्हणे पाहा रे सकळ ।
हाचि तो दैत्य महाखळ ।
येणेंचि कोंडिलें जळ ।
ओळखा नीट तयासी ॥

ही ओवी म्हणताना बुवांनी उजवा हात लांब करून बोट दाखवायचं. कुठं? धोंड्याकडं. मुंडकं पडलं त्या धोंड्याकडं. सगळ्या सभेनं माना वळवून बोटाच्या दिशेनं बघायचं आणि एका सुरात म्हणायचं, "ओळखला, ओळखला." मग कोहळा कापायचा. कोहळा म्हणजे दैत्याचं डोकं.

आता त्या धोंड्याला लागून एक घर होतं. ढवळ्यांचं. जात तीच, कूळ चांगलं, माणसं गरीब गाईसारखी. दोष एवढाच, की पणजोबानं घर बांधताना जागा बघितली आणि पोथी बघितली नाही. गाव त्यांना 'दैत्याकडचे' म्हणे. रागानं नाही हं, आपण 'विहिरीजवळचे' म्हणतो तसं. अकराव्या अध्यायाला ढवळ्यांनी देवळात बसायचं नाही. आपल्या घरचं मरण आपण कसं ऐकायचं? त्यांनी बाहेर निंबाखाली बसायचं. आणि कोहळा मात्र त्यांनीच आणायचा. गाव म्हणायचं, हा ढवळ्यांचा मान. कोहळा त्यांच्या परसातला, अपमान त्यांचा, आणि वर मान! असे मान आपणही घराघरांतून वाटत असतो. सुनांना विचारा.

तर या ढवळ्यांच्या घरात बुवांची धाकटी बहीण दिलेली होती. तानूबाई.

दिलेली म्हणजे, तीच गेली. रंगनाथ ढवळे तिला आवडला, वडिलांनी हो म्हटलं, आणि लग्न झालं. बुवा तेव्हा नुकते पोथीला बसू लागले होते. त्यांच्या जिवाला ते लागलं. जो वर्षानुवर्षं बोट दाखवणार, त्याचीच बहीण बोटाच्या टोकाला जाऊन नांदणार? लोक हसले. फार नाही, गाव हसतं तेवढंच. पण बुवांनी भर चावडीवर सांगितलं, "त्या घरचं पाणी मला चालायचं नाही." आणि माणूस शब्दाचा पक्का. वाईट गोष्टीत माणसं शब्दाला फार पक्की असतात, बघा.

तेव्हापासून बुवा बहिणीशी बोलले नाहीत. वडील गेले तेव्हा दोघं शेजारी शेजारी रडली, पण बोलली नाहीत. नारळी पौर्णिमेला तानूबाई राखी घेऊन देवळात जायची आणि भैरोबाला बांधायची. भैरोबाच्या हातात तलवार, मनगट दगडाचं, दोरा पुरायचा नाही. पण देवानं कधी कुरकुर केली नाही.

अकरावा अध्याय बिनलग्नाच्या पोरींना ऐकू देत नसत, म्हणून माहेरी तो तिनं ऐकलाच नव्हता. आणि लग्नानंतर दर अकराव्या अध्यायाला ती निंबाखाली बसायची. आतून टाळ ऐकू यायचा, भावाचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मग सगळं गाव एकदम म्हणायचं, "ओळखला, ओळखला." तेवढं स्पष्ट ऐकू यायचं.

अशात तानूबाईच्या मंजुळेचं लग्न ठरलं. स्थळ टाकळीचं. मुलगा चांगला, घर चांगलं, कुठं नाव ठेवायला जागा नाही. त्या सालची पोथी लागली होती तेव्हा टाकळीकरांनी एवढंच विचारलं, "मुलीला मांडवात कोण आणणार? मामा कोण?" दिवाळीनंतरची तिथी धरायची होती, आणि ती धरायला ते बाराव्या अध्यायाच्या समाप्तीला येणार होते. तोवर मामा सांगा म्हणाले.

आपल्याकडं काय असतं? मुलीला मामानंच आणायचं. अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, की भटजी ओरडतात आणि सगळा मांडव मागं वळून बघतो. त्या क्षणी मामा लागतो. एरवी मामाचं काही काम नसतं.

लोकांनी तानूबाईला सुचवलं, चुलत भाऊ आहे सोनवडीला, त्याला उभा कर. ती म्हणाली, सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर असताना मी उसना मामा उभा करणार नाही. लग्न राहिलं तर राहिलं. बुवांची बहीण! हट्टाचं बियाणं एकाच कणगीतलं. मंजुळा बिचारी म्हणाली, "आई, मी चालत येते एकटी. चार पावलं तर आहेत." टाकळीकर म्हणाले, आमच्यात असं चालत नाही.

मग तानूबाईनं ओढ्यावर भावजयीला गाठलं. भावजय म्हणजे सरूबाई, बुवांची बायको. ही बाई कमी बोलायची. पण त्या दिवसांत तिच्या हाती एक गोष्ट होती. बुवांचा खांदा.

ऐन श्रावणात बुवांचा उजवा खांदा वातानं धरला. हात वर जाईना, बाजूला जाईना. कोपरात दुमडून छातीशी धरला तरच कळ थांबायची. रोज सकाळी सरूबाई तेल कोमट करून चोळायची. आणि ज्या नवऱ्याचा खांदा बायकोच्या हातात आहे, तो उठून जाऊ शकत नाही. हे शास्त्र आहे.

चोळता चोळता तिनं मामाची गोष्ट काढली. बुवा म्हणाले, "सांग तिला, मामा भाड्यानं आण."

सरूबाईनं अंगठा जरा दाबला. बुवा कळवळले. ती म्हणाली, "अहो, मामा व्हायला खांदा लागत नाही. जा तसेच."

"तू तुझं तेल बघ."

"तेच बघतेय. इतकी वर्षं एकीकडंच लांब केला. एकीकडंच ताणली की दोरीसुद्धा वळायची राहते. हा तर हात आहे."

बुवांनी वाद सोडला. पटलं म्हणून नाही, कळ आली म्हणून.

आणि आला अकरावा अध्याय.

बुवांना घोर एकच, की बोट कसं दाखवायचं. डाव्या हातानं दाखवावं, तर डावा हात देवाच्या कामाला चालत नाही. दुसऱ्या कुणी दाखवावं, तर वाचणाऱ्यानंच दाखवायचं अशी रीत. शेवटी एका टाळकऱ्यानं सुचवलं, ओवी आली की मी मागून कोपराला आधार देतो, हात लांब करून देतो. क्षणभराचं तर काम. ठरलं.

देऊळ भरलं. रंगनाथनं कोहळा पायरीशी आणून ठेवला आणि तो निंबाखाली गेला. तानूबाई आधीच तिथं बसली होती. तिला माहीत होतं, उद्या टाकळीकर येणार.

बुवा वाचू लागले. आवाज तोच, म्हशी थांबल्या. ओवी आली – देव म्हणे पाहा रे सकळ. टाळकऱ्यानं मागून कोपर धरलं आणि हात लांब केला. हात अर्ध्यावर गेला असेल नसेल, खांद्यात अशी कळ आली, की बुवांनी हात हिसडून घेतला. हात गेला जिथं त्याला बरं वाटायचं तिथं. छातीशी. बोट तसंच ताठ. आणि तोंडानं ओवी चालू, कारण ओवी मध्ये तोडता येत नाही – ओळखा नीट तयासी.

मंडळी, सभेनं काय करावं? पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, बोट जिकडं तिकडं बघायचं. माना निघाल्या होत्या धोंड्याकडं, त्या अर्ध्या वाटेतून परत आल्या. सगळं देऊळ बुवांच्या छातीकडं बघू लागलं. आणि बोट दाखवल्यावर काय म्हणायचं हेही ठरलेलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात जोडले आणि सवयीनं म्हणाली, "ओळखला." मग मागून सगळे.

"ओळखला, ओळखला."

कुणी हसलं नाही हो. हसले असते तर बुवा सुटले असते.

पुढची ओवी दैत्याच्या वर्णनाची. बुवांनी ती आयुष्यभर म्हटलेली. तीच म्हणायला घेतली:

वाट अडवोनि बैसला ।
न बोले न हाले न उठिला ।
तहानेला गाव रडला ।
तरी न द्रवे अंतरी ॥

आणि बुवांचे डोळे मिटले. पोथीपुढं पहिल्यांदाच. कळ होती म्हणून मिटले म्हणा, पण मिटले खरे. आत त्यांना ओढा दिसला. देवळापुढचा नव्हे, दुसराच, कोरडा, पांढरे गोटे उघडे पडलेला. मधोमध एक माणूस आडवा बसलेला. दैत्य म्हणावा तर शिंगं नाहीत, सुळे नाहीत. धोतर ओळखीचं. सरूबाईनं धुतलेलं. त्याच्या पलीकडं पाणी थटलेलं, आणि अलीकडं एक पोरगी उभी. परकरातली. तिच्या कडेवर लहान कळशी. ती म्हणतेय, दादा, सरक ना जरा.

तानू लहानपणी अशीच म्हणायची. दारात, जेवताना, पारावर. दादा, सरक ना जरा. आणि बुवा सरकायचे तेव्हा.

पुढची ओवी वधाची. पायरीवर कोहळा तयार, कोयता तयार. बुवा काही म्हणेनात. टाळकरी हळूच म्हणाला, "बुवा, पुढं." बुवा म्हणाले, "पुढचं इथं वाचायचं नाही."

लोक घाबरले. अध्याय अर्धा टाकून उठू नये, हा नियम. मग बुवांनी काय केलं? अध्याय टाकला नाही. पोथी डाव्या काखेत घेतली, उठले, देवळाच्या बाहेर आले आणि निंबाखाली जाऊन बसले. बहिणीसमोर. पोथी तिथं उघडली. अध्याय चालूच. फक्त जागा बदलली. सगळी सभा पायऱ्यांवर येऊन उभी, कोहळा हातात घेऊन एकजण मध्येच.

तानूबाई पदर सावरून बसली. भावाकडं बघेना. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलायचं असतं, हे कुठल्या पोथीत नाही. शेवटी बुवा म्हणाले, "तू हा अध्याय कधी ऐकला नाहीस."

"नाही."

"काय असेल असं वाटतं?"

तानूबाई मग म्हणाली, "दहावा ऐकलाय, त्यात तो बसलेला असतो. बारावा ऐकलाय, त्यात पाणी सुटलेलं असतं. मधलं मी मनानंच लावलं. इथं बसून दुसरं काय करणार? मला वाटतं, बसून बसून त्याच्या पायांना मुंग्या आल्या असतील. उठावंसं वाटत असेल, पण उठता येत नसेल. आणि गाव बघत असेल, म्हणून सांगताही येत नसेल. मग देव येत असेल आणि त्याला हात देत असेल."

बुवांनी पोथीकडं बघितलं. "पोथीत तसं नाही. पोथीत देव त्याला मारतो."

"मारतो हे ठाऊक आहे. कोहळा आमचाच असतो." तानूबाईनं आता भावाकडं बघितलं. "मारला तरी तो आडवाच पडणार ना, दादा, पाण्यात. पाणी सुटायला त्याला उठायलाच लागेल."

मंडळी, तीन पिढ्या पोथी त्या घरात. खिंड सापडली, चिंच सापडली, ठेचेचा दगड सापडला. हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. कारण ज्यांनी पोथी ऐकली त्यांनी बाहेर बघितलं, आणि जिला बाहेर बसवलं तिनं आत.

बुवांनी पोथी मिटली. पायऱ्यांवर कुणीतरी म्हणालं, अध्याय राहिला की. बुवा म्हणाले, "राहिला नाही. चाललाय." आणि डावा हात पुढं केला. "तानू, पायांना मुंग्या आल्यात."

तिनं हात दिला. बुवा उठले. वयाचा माणूस, एकदम उठवत नाही, गुडघे वाजले. उभे राहिल्यावर म्हणाले, "पाणी दे."

ती म्हणाली, "पाणी घरी आहे. चालत यावं लागेल."

मग भाऊ-बहीण निघाली. ज्या दिशेला बुवांनी जन्मभर बोट दाखवलं, त्या दिशेला पहिल्यांदा पाय गेले. धोंड्याजवळून गेली, घराच्या ओट्यावर बुवा बसले. मंजुळेनं तांब्या-भांडं आणून पुढं ठेवलं आणि पायाला हात लावला. बुवा पाणी प्याले. एक भांडं, मग आणखी एक. ऊन होतं, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टाकळीकर आले. त्यांनी विचारलं, मामा कोण? बुवा म्हणाले, "मी." टाकळीकरांनी छातीशी दुमडलेला हात बघून विचारलं, हाताला काय झालं? सरूबाई मागून म्हणाली, "सुधारतोय."

दिवाळीनंतर लग्न लागलं. हात पुरता सुधारला नव्हता, म्हणून बुवांनी भाचीला डाव्या हातानं धरून मांडवात आणलं. एकानं शंका काढली, डावा हात चालतो का? तानूबाई म्हणाली, "मामाचा आहे ना? मग चालतो."

पुढच्या श्रावणापर्यंत खांदा बरा झाला. हात चहूकडं फिरू लागला. पण ओळखा नीट तयासी आलं, की बुवा कोपर दुमडून बोट छातीशी न्यायचे. मग श्रोतेही आपापल्या छातीशी न्यायला लागले. "ओळखला, ओळखला" म्हणताना आवाज पहिल्यापेक्षा हळू झाला, पण म्हणतात अजून. ढवळे आत बसतात. कोहळा अजून त्यांच्याच परसातून येतो. आता त्याचे सांडगे घालतात. चांगले होतात.

तर मंडळी, पत्ता विचारला होता. आता सांगायला नको. पोथी घरोघरी आहे. लाल फडक्यात बांधलेली, हळदकुंकू लावलेली. तिच्यातला राजा, राणी, दैत्य, नदी, घोडा, सगळी मंडळी आपल्या आत भाड्यानं राहतात, आणि आपण त्यांना गावभर शोधत फिरतो. एकदा डोळे मिटून ऐका. कोण कुठं अडून बसलंय ते दिसेल. दिसलं तर लगेच कोयता काढू नका. त्याला विचारा, बाबा, पायांना मुंग्या आल्यात का?

आता सगळ्यांनी उजवा हात वर करा. करा हो, काका तुम्हीही. लांब करा. बोट ताठ. दाखवा कुणाला दाखवायचंय त्याला. वहिनी, जाऊबाईंच्या डोळ्याला लागेल, जरा जपून. आता कोपर दुमडा. कुठल्या बाजूला दुमडलं?

बाहेरच्या बाजूला दुमडतच नाही. बघा प्रयत्न करून. देवानं माणूस घडवताना कोपर आतल्या बाजूलाच वळणारं केलं. कुणाचं बोट कधी परत आणावं लागेल, हे त्याला ठाऊक होतं.

राहू दे हात तिथंच, छातीशी. दुसरा हातही आणा शेजारी, लावा एकाला एक. झाला नमस्कार. ज्याची कुणाशी बोलाचाल बंद आहे, त्यानं प्रसादाला थांबू नये. सरळ त्या घरी जावं आणि पाणी मागावं. प्रसाद आम्ही झाकून ठेवतो.